चिनी मजकुराचे वाचन : परीक्षार्थीसाठी एक पाठ

दोन-तीन वर्षे चिनी भाषेचे मनापासून अध्ययन केलेला एखादा विद्यार्थी पाचव्या पातळीच्या परीक्षेस बसतो. वर्गात त्याला शिक्षकांची शाबासकी मिळालेली असते. पाठ्यपुस्तकातील धडे त्याला जवळजवळ मुखोद्गत असतात. वाचनाच्या भागात पंचेचाळीस प्रश्न आणि तेवढीच मिनिटे आहेत हेही त्याला ठाऊक असते. पहिला उतारा तो वर्गातल्या सवयीने वाचू लागतो. अनोळखी अक्षर आले की थांबतो, मागे जातो, ओळीवर बोट ठेवतो, अर्थ लागला की पुढे सरकतो. वेळ संपल्याची सूचना होते तेव्हा शेवटचे दोन उतारे, म्हणजे आठ प्रश्न, त्याने पाहिलेलेही नसतात. या विद्यार्थ्यास चिनी येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्याला चिनी वाचता येत नव्हते, असे म्हणणे भाग आहे. तो आतापर्यंत चिनी मजकुराची उकल करीत होता. उकल आणि वाचन या दोन क्रियांमधील अंतर ज्याने ओळखले, त्याची निम्मी तयारी झाली असे समजावे.

या अंतराची किंमत कधीकधी फार मोठी असते. चीनमधील विद्यापीठांत चिनी माध्यमातून शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडे अभ्यासक्रमानुसार सामान्यतः चौथ्या अथवा पाचव्या पातळीचे प्रमाणपत्र मागितले जाते. प्रवेशासाठी त्या गुणांचा उपयोग दोन वर्षेच होतो. आठ प्रश्न न पाहता सोडून देणे म्हणूनच परवडणारे नाही.

ज्या परीक्षेविषयी आपण बोलत आहोत तिचे चिनी नाव ‘हान्यू श्वेइपिंग खाओशी’, म्हणजे चिनी भाषेच्या पातळीची परीक्षा. तिची आखणी बीजिंगच्या भाषा संस्थेत १९८४ साली सुरू झाली. २०१० साली तिला सहा पातळ्यांचे रूप देण्यात आले. पहिल्या पातळीस १५० शब्द, दुसरीस ३००, तिसरीस ६००, चौथीस १,२००, पाचवीस २,५०० आणि सहावीस ५,००० अशी शब्दसंख्येची चढण त्या रचनेत होती. पुढे २०२१ साली तीन टप्पे आणि नऊ पातळ्या असलेले नवे प्रमाण जाहीर झाले. त्यात ३,००० अक्षरे आणि ११,०९२ शब्द गणलेले आहेत. सातवी ते नववी या वरच्या पातळ्यांची परीक्षा प्रथम नोव्हेंबर २०२२ मध्ये घेण्यात आली. या पाठातील प्रश्नांचे वर्णन २०१० च्या सहा पातळ्यांच्या रचनेस धरून आहे. परीक्षेस बसण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेली नियमपुस्तिका पाहून घ्यावी, हे सांगावयास नकोच. प्रश्नांची मांडणी बदलली तरी वाचनातील अडचणी त्याच राहतात, आणि हा पाठ मुख्यतः त्या अडचणींविषयी आहे.

पहिल्या दोन पातळ्यांत अक्षरांवर रोमन लिपीतील उच्चार छापलेले असतात. तिसऱ्या पातळीपासून हा आधार काढून घेतला जातो. पोहणाऱ्याच्या पाठीचा भोपळा सोडावा तसेच हे आहे. अनेकांना येथेच पहिल्याने पाण्याची खोली कळते. म्हणून पहिल्या पातळीपासूनच उच्चारांची ओळ कागदाच्या पट्टीने झाकून वाचण्याची सवय करावी. उच्चार दिसत असला की डोळा अक्षराकडे पाहतच नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. सहा महिने अभ्यास केल्यावर एका संध्याकाळी ती ओळ झाकून पाहिली, तेव्हा आपल्याला येते असे वाटणाऱ्या अक्षरांपैकी निम्मी अक्षरे परकी निघाली.

अक्षरे पाठ कशी करावीत, हा प्रश्न नवा विद्यार्थी सर्वांत आधी विचारतो. याचे उत्तर अक्षराच्या रचनेतच आहे. बहुसंख्य चिनी अक्षरे दोन भागांची असतात. एक भाग अर्थाचा प्रांत दाखवितो आणि दुसरा उच्चाराकडे बोट दाखवितो. ‘छिंग’ असा उच्चार असलेले, हिरव्या-निळ्या रंगाचे अक्षर घ्यावे. त्याच्या डावीकडे वाणीचे चिन्ह जोडले की ‘विनंती करणे, बोलावणे’ हा अर्थ होतो. पाण्याचे तीन ठिपके जोडले की ‘स्वच्छ’, हृदयाचे चिन्ह जोडले की ‘भावना’ आणि सूर्य जोडला की ‘निरभ्र’. उच्चार सर्वत्र ‘छिंग’च राहतो, फक्त स्वराचा चढउतार बदलतो. डोळ्याचे चिन्ह जोडले म्हणजे ‘डोळा’ या शब्दातील दुसरे अक्षर होते. तेथे मात्र उच्चार थोडा घसरून ‘जिंग’ झाला आहे. उच्चारदर्शक भागावर संपूर्ण विश्वास ठेवू नये, हे यावरून ध्यानात येईल. परीक्षेत मात्र मोठ्याने वाचावयाचे नसते, अर्थ लावावयाचा असतो, आणि तेथे अर्थदर्शक भाग फार उपयोगी पडतो. अनोळखी अक्षरात पाण्याचे ठिपके दिसले तर ते नदी, समुद्र, धुणे, घाम, अश्रू अशांपैकी कशाशी तरी संबंधित असेल एवढा तर्क तत्काळ करता येतो, आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो. अशा घटकचिन्हांची २१४ ही संख्या १७१६ सालच्या खांगशी शब्दकोशाने रूढ केली. त्यांतील शंभरेक नेहमी भेटतात. ती आधी ओळखीची करून घ्यावीत.

दुसरे संकट सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे. आपल्याकडे मूल शिकू लागले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते. चिनीत प्रौढ विद्यार्थीही तसाच गोंधळतो. ‘दा’ म्हणजे मोठा. त्याच अक्षराच्या पायाशी एक ठिपका दिला की ‘ताय’ म्हणजे अतिशय, आणि माथ्यावर एक आडवी रेघ दिली की ‘त्येन’ म्हणजे आकाश. ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ या दोन्ही क्रियांचा उच्चार ‘माय’च, फक्त स्वर निराळा. लिहिताना ‘विकणे’ या अक्षराच्या डोक्यावर दहाच्या आकड्याचे चिन्ह चढते, एवढाच फरक. ‘आधीच’ आणि ‘स्वतः’ यांच्या अक्षरांत डावीकडची फट किती मिटली आहे हे पाहावे लागते. अशा जोड्यांची एक वही करावी आणि प्रत्येक जोडी वाक्यात घालून लिहावी. सुटे अक्षर पाठ केले तर जोडीतील कोणते कोणाचे, हेच शेवटी विसरले जाते.

अक्षरे आली म्हणजे शब्द आले असे नाही. चिनी लेखनात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. विरामचिन्ह येईपर्यंत सगळी अक्षरे समान अंतरावर, रांगेत उभी असतात. कोणती दोन किंवा तीन अक्षरे मिळून शब्द होतो, हे वाचकाने ठरवावयाचे. मोडी लिपीतील जुने कागद ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. तेथेही आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत, आणि शब्द तोडण्याचे काम वाचणाऱ्याकडे राही. चिनी शिक्षकांचे एक आवडते उदाहरण आहे : ‘यान-ज्यू-शंग-मिंग-द-छी-य्वान’. ‘यानज्यू’ म्हणजे संशोधन करणे आणि ‘शंगमिंग’ म्हणजे जीवन, असे तोडले तर अर्थ होतो ‘जीवनाच्या उगमाचे संशोधन करणे’. पण ‘यानज्यूशंग’ हाही शब्द आहे. त्याचा अर्थ पदव्युत्तर विद्यार्थी. उरलेल्या ‘मिंग’चा अर्थ दैव असाही होतो. मग त्याच ओळीतून बिचाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या नशिबाचा उगम निघतो! घाईने वाचणारा परीक्षार्थी अशा तोडणीत अडकतो आणि मागे वळण्यात अर्धे मिनिट घालवितो. यावर एकच उपाय आहे. सरावाच्या उताऱ्यांवर पहिले काही आठवडे पेन्सिलीने शब्दांच्या सीमा आखाव्यात, नंतर जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. महिन्या-दोन महिन्यांत पेन्सिलीची गरज उरत नाही.

जोडशब्द मात्र विद्यार्थ्याचे मित्र आहेत. ‘द्येन’ म्हणजे वीज. विजेचे बोलणे म्हणजे दूरध्वनी, विजेची सावली म्हणजे चित्रपट, विजेचा मेंदू म्हणजे संगणक. आणि आग अधिक गाडी म्हणजे ‘हुओछ’, आपली आगगाडीच. हा शब्द भेटतो तेव्हा मराठी माणसाला परदेशात गाववाला भेटल्यासारखा आनंद होतो. दोन्ही अक्षरे ओळखीची असतील तर न शिकलेल्या जोडशब्दाचाही अर्थ बहुधा लागतो. परीक्षेत तसा धीर करावा.

आता वाक्याकडे वळू. येथे मराठी भाषकास एक मोठी सोय आहे. तिचा उल्लेख इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सापडणार नाही, कारण ती सोय इंग्रजी भाषकास नाही. इंग्रजीत नामाचे लांबलचक विशेषण नामाच्या मागून येते. चिनीत ते आधी येते, आणि मराठीतही आधीच येते. ‘काल दुकानातून विकत घेतलेले ते पुस्तक’ ही मराठी रचना चिनीत अशी होते : काल, दुकानात, घेणे, ‘द’, ते, पुस्तक. आपल्या ‘घेतलेले’मधील ‘-लेले’चे काम तेथे ‘द’ हे अक्षर करते. वेळ आणि स्थळ क्रियापदाआधी सांगण्याची रीतही समान आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी नसते हा भेद खरा. परंतु ‘बा’ हे अक्षर आले की कर्मही क्रियापदाच्या आधी येते आणि रचना पुन्हा आपल्या ओळखीची होते : मी, ‘बा’ पुस्तक, ठेवणे, टेबलावर. तेव्हा लांब वाक्याने गांगरून न जाता प्रथम ‘द’ शोधावा. त्याच्या उजवीकडचे नाम हे वाक्यातील पात्र, आणि डावीकडचा पसारा हे त्या पात्राचे वर्णन. नुसते पात्र आणि क्रिया धरून वाक्य एकदा वाचावे, मग वर्णनाकडे यावे. इंग्रजीच्या वाटेने चिनी शिकलेले आपले विद्यार्थी प्रत्येक वाक्य मनात आधी इंग्रजीत उलटे करतात आणि नंतर मराठीत सुलटे करतात. हा द्राविडी प्राणायाम सोडून द्यावा. (एकच दक्षता घ्यावी : ‘द’ हा उच्चार तीन निरनिराळ्या अक्षरांचा आहे. क्रियेची रीत दाखविणारा ‘द’ क्रियापदाआधी येतो आणि क्रियेचे फळ अथवा गुण सांगणारा ‘द’ क्रियापदानंतर. येथे सांगितलेली युक्ती फक्त नामाआधीच्या ‘द’ला लागू आहे.)

परीक्षकाचे सापळे बहुधा मोठ्या शब्दांत नसतात. ते लहान शब्दांत असतात. ‘झीयौ … त्साय’ आणि ‘झीयाव … ज्यौ’ या दोन जोड्या पाहाव्यात. पहिलीचा अर्थ ‘असे झाले तरच’, म्हणजे दुसरा मार्ग नाही. दुसरीचा अर्थ ‘एवढे झाले की पुरे’. ‘अभ्यास केला तरच उत्तीर्ण होशील’ आणि ‘अभ्यास केलास की उत्तीर्ण होशील’ ही विधाने एक नव्हेत, आणि चार पर्यायांतील एक पर्याय नेमका याच फरकावर उभा केलेला असतो. ‘छूल … यीवाय’चेही तसेच. याला मराठीत ‘खेरीज’ म्हणता येईल आणि मराठीतील संदिग्धताही त्यात जशीच्या तशी आहे. ‘त्याच्याखेरीज सगळे आले’ म्हणजे तो आला नाही. ‘त्याच्याखेरीज आणखी दोघे आले’ म्हणजे तोही आला. चिनीत पुढे ‘दौ’ हे अक्षर असेल तर पहिला अर्थ, ‘हाय’ किंवा ‘ये’ असेल तर दुसरा. दुहेरी नकाराचीही खूण करून ठेवावी. ‘बूदबू’मध्ये दोन नकार आहेत, अर्थ मात्र ‘करणे भागच पडले’ असा होकाराचा आहे. ‘छा द्यर’ या शब्दानंतर नकार येऊन ‘पडणे’ आले तर तो माणूस पडता पडता वाचला असे समजावे. नकार मोजून गणित करणारा येथे हमखास फसतो.

आकड्यांविषयी भारतीय वाचकास स्वतंत्रपणे सावध करणे आवश्यक आहे. आपण हजारानंतर लाखावर जातो. चिनी माणूस दहा हजारांचे ‘वान’ हे एकक धरतो. पन्नास ‘वान’ म्हणजे पाच लाख आणि हजार ‘वान’ म्हणजे एक कोटी. दहा हजार ‘वान’ झाले की ‘यी’ होतो. तो आपल्या दहा कोटींएवढा आहे. म्हणजे चौदा ‘यी’ ही लोकसंख्या १४० कोटी झाली. अपूर्णांकात छेद आधी येतो. ‘तीन भागांपैकी दोन’ हा आपला बोलण्याचा क्रम तेथे नेमका बसतो. दुकानातील सवलतीचा प्रश्न चौथ्या पातळीवर वारंवार येतो. ‘दा बा झ’ यात ‘बा’ म्हणजे आठ. ही सवलत ऐंशी टक्के आहे असे वाटून ग्राहक हरखतो. वस्तुतः ऐंशी टक्के किंमत द्यावयाची असते आणि सूट वीस टक्केच असते.

प्रश्नप्रकारांपैकी काहींना थोडक्यात स्पर्श करणे पुरेसे आहे. गाळलेल्या जागा भरणे आणि वाक्यांच्या जोड्या लावणे हे प्रकार वरच्या तयारीतून आपोआप साधतात. चौथ्या पातळीवर तीन वाक्यखंड योग्य क्रमाने लावावयाचे असतात. त्यासाठी एक रीत सांगतो. समजा खंड असे आहेत : ‘त्यामुळे मी रोज पायीच कचेरीत जातो’, ‘माझे घर कचेरीपासून दूर नाही’, ‘चालत गेले तर दहा मिनिटे पुरतात’. प्रथम कोणता खंड आरंभी येऊ शकत नाही हे पाहावे. ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘शिवाय’ यांनी सुरू होणारा खंड आरंभी येणार नाही. ज्यात ‘तो’ किंवा ‘हे’ आहे, पण ते कोणाविषयी हे सांगितलेले नाही, तोही येणार नाही. नामाने किंवा काळाने सुरू होणारा खंड बहुधा पहिला. ‘जरी’ आणि ‘कारण’ यांचे चिनी प्रतिशब्द मात्र आरंभी सुखाने येतात. त्यांना बाद करू नये.

पाचव्या पातळीवर छोटा परिच्छेद देऊन त्याच्याशी जुळणारे विधान निवडावयास सांगतात. येथे सुशिक्षित परीक्षार्थीच अधिक चुकतो. एखादे विधान जगात खरे असते, विज्ञानाला धरून असते, पण परिच्छेदात कोठेही नसते. असे विधान निवडण्याचा मोह त्यालाच होतो. आपल्याला ठाऊक असलेले सत्य परीक्षागृहाबाहेर ठेवून यावे. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायाकडे दोनदा पाहावे.

सहाव्या पातळीचा पहिला प्रकार सर्वांत कठोर आहे. चार वाक्यांतील सदोष वाक्य कोणते ते ओळखावयाचे, असे दहा प्रश्न. म्हणजे चाळीस वाक्ये वाचावी लागतात. दोष बहुधा ठरावीक असतात. ‘सुमारे शंभरच्या आसपास’ यासारखी द्विरुक्ती हा त्यांतील एक दोष. आपल्या वर्तमानपत्रांतूनही ती रोज भेटते. दुसरा दोष कर्त्याचा लोप. ‘या प्रवासाच्या द्वारे’ असा आरंभ करून पुढे ‘मला समजावयास लावले’ असे म्हटले तर समजावयास कोणी लावले? दोन्ही शब्द एकत्र आल्याने कर्ता नाहीसा झाला. तिसरा दोष म्हणजे पुढच्या अर्ध्यात ‘यशाचा पाया आहे’ असे ठाम विधान आणि मागच्या अर्ध्यात ‘परिश्रम करतो की नाही’ असे दुहेरी. चौथा न शोभणाऱ्या शब्दसंगतीचा. आपण प्रश्न विचारतो आणि शंका काढतो, शंका ‘घडवीत’ नाही. प्रत्येक भाषेत अशा सोयरिकी ठरलेल्या असतात आणि त्या वाचनानेच कळतात. या दहा प्रश्नांचा पाठलाग आरंभीच करू नये. लांब उताऱ्यांचे वीस प्रश्न आधी सोडवावेत आणि उरलेल्या वेळात येथे परत यावे. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून कोणतीही जागा रिकामी सोडू नये.

लांब उतारे बहुधा बोधकथा, लोकप्रिय विज्ञान, व्यापारातील किस्से यांवर असतात. चार अक्षरी म्हणींमागच्या जुन्या कथा ठाऊक असतील तर वेळ वाचतो. सापाच्या चित्राला पाय काढणारा, आणि रोपे लवकर वाढावीत म्हणून ती उपटून उंच करणारा शेतकरी हे दोघे वारंवार भेटतात. पहिली कथा ‘झान क्वो त्स’ या ग्रंथातील आहे, दुसरी मेन्शियसची. प्रश्न आधी वाचावा, त्यातील नाव, साल किंवा वस्तू मनात धरावी, मग उतारा वाचावा. विशेषनामांवर अडखळू नये. परदेशी नाव चिनीत आले की अर्थहीन अक्षरांची माळ होते आणि विद्यार्थी तिचा अर्थ लावीत बसतो. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी मजकुरात ‘के दिह्वा’ म्हणून येतात. त्यातील शेवटचे ‘ह्वा’ हे अक्षर चीन देशाचे, आणि पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस ते आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो तीन अक्षरांशी झुंजतो. अमुक एक व्यक्ती एवढे समजून पुढे गेल्यास काहीच बिघडत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कागदी परीक्षेत श्रवणाच्या भागानंतर उत्तरपत्रिका भरण्यास वेगळी मिनिटे मिळतात. वाचनास ती मिळत नाहीत. उत्तरे तेथल्या तेथे उत्तरपत्रिकेवर नोंदवावी लागतात. आधी प्रश्नपत्रिकेवर खुणा करून मग उतरवू, असे ठरविणाऱ्यांचे श्रम पुष्कळदा प्रश्नपत्रिकेवरच राहून जातात.

रोजचा सराव दोन प्रकारचा असावा, आणि दोन्हींची गल्लत करू नये. पहिला सावकाशीचा : एक छोटा उतारा, शब्दकोश, पेन्सिल आणि पाऊण तास. दुसरा वेगाचा : आपल्या पातळीहून थोडा सोपा मजकूर, समोर घड्याळ, शब्दकोश दुसऱ्या खोलीत. एका पानात पाच-सहांहून अधिक अनोळखी शब्द लागले तर ते पुस्तक आज बाजूला ठेवावे. बहुतेकांचा पहिला सराव भरपूर झालेला असतो आणि दुसरा मुळीच झालेला नसतो. जुनी प्रश्नपत्रिका सोडवून झाल्यावर नुसते गुण मोजू नयेत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एका ओळीत लिहावे : शब्द माहीत नव्हता, वाक्य चुकीचे तोडले, लहान शब्द निसटला, की वेळ पुरला नाही. पंधरा दिवसांनी ती वही उघडून कोणते कारण सर्वांत अधिक वेळा आले आहे ते मोजावे आणि पुढच्या पंधरवड्यात फक्त तेवढ्याच उणिवेवर काम करावे.